बिल मन्रोच्या गावाला: नॅशव्हिल, रोझीन, ओवेन्सबोरो (चार दिवस)

गुरुवार: नॅशव्हिल (टेनेसी)

ब्रॉडवेच्या निऑन पाट्यांखाली दिवस घालवायचा असेल तर तो सहज जातो. पण 'ब्लूग्रास' या अमेरिकन संगीतप्रकाराचा जनक बिल मन्रो याच्यासाठी आला असाल तर कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचं दार उघडताच आत शिरा आणि आधी त्याची मँडोलिन गाठा. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि काचेपाशी उभं राहणं मुश्कील होतं.

ही गिब्सन कंपनीची एफ-5. आतल्या लेबलावर लॉइड लोर या ध्वनितज्ज्ञाची 9 जुलै 1923 ची सही, अनुक्रमांक 73987. मन्रोला ती 1940 च्या दशकात मायामीत एका न्हाव्याच्या दुकानाच्या खिडकीत दिसली. सुमारे 150 डॉलरला त्याने ती घेतली आणि पुढे पन्नास वर्षं तीच वाजवली. मधे एकदा दुरुस्तीला पाठवली, ती कित्येक महिन्यांनी परत आली आणि कामही पसंत पडलं नाही. गड्याने खिशातला चाकू काढून डोक्यावरचं कंपनीचं नाव खरवडून टाकलं! दिलजमाई व्हायला 1980 उजाडलं. 13 नोव्हेंबर 1985 ला कुणीतरी त्याच्या घरात घुसून शेकोटीच्या लोखंडी सळईने ही मँडोलिन फोडली. चिपा न् चिपा गोळा करून गिब्सनच्या कारागिराने ती पुन्हा जोडली आणि पुढच्या वर्षी मन्रोच्या हातात दिली. पॉलिश जागोजाग उडून खालचं लाकूड उघडं पडलंय, ते मात्र रोजच्या वापराने.

हे वाद्य नीट पाहून घेतलं की पुढचे तीन दिवस कानाला सोपे जातात. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. मिळवणी पाश्चात्त्य व्हायोलिनसारखी: प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात. म्हणजे पेटीच्या भाषेत खालून पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. आपल्याकडे व्हायोलिन सा-प-सा-प मिळवतात, त्यामुळे आपल्या व्हायोलिनवाल्याची बोटं इथे पहिला अर्धा तास चुकतात. पोटाची वरची फळी स्प्रूसची, कोरून घुमटाकार केलेली, पाठ मेपलची. मधे गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं. त्यांच्यामुळे आवाज गोड कमी आणि टणक जास्त होतो. मन्रोला नेमका तोच हवा होता, कारण त्याच्या बँडमध्ये ड्रम नव्हताच. सम डबल बास धरतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिन 'चॉप', म्हणजे तुटक घाव मारते. तबलजीचं काम मँडोलिनकडे, असं समजा.

दुपारी रायमन ऑडिटोरियम. 1892 ची प्रार्थनागृहाची इमारत आणि अजूनही चर्चचे लाकडी बाक. 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम 1943 ते 1974 इथून व्हायचा. मन्रो ऑप्रीत आला तो त्याआधीच, 28 ऑक्टोबर 1939 ला. डिसेंबर 1945 मध्ये याच रंगमंचावर अर्ल स्क्रग्ज त्याच्या बँडमध्ये पाच तारांचा बँजो घेऊन उभा राहिला आणि ब्लूग्रास जन्मलं असं इथले लोक मानतात. बाहेर मन्रोचा पुतळा आहे. (बँजो म्हटल्यावर गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो डोळ्यांसमोर आणू नका. तो बटणांचा बुलबुलतरंग. हा कातड्याच्या तोंडाचा, तीन बोटांत नख्या घालून वाजवायचा.)

रायमनचं मार्गदर्शक घेऊन केलेलं दर्शन सोडलं तरी चालेल. स्वतः फिरण्याचं तिकीट घ्या आणि वरच्या सज्जातल्या शेवटच्या बाकावर बसून रंगमंचावरच्या माणसांचं बोलणं ऐका. माइकशिवाय स्वच्छ ऐकू येतं.

शुक्रवार: मॉर्गनटाउनमार्गे रोझीन (केंटकी)

आखणी अशी करा की रोझीनला शुक्रवारच यावा. तिथल्या कोठाराची, म्हणजे 'रोझीन बार्न जंबोरी'ची मैफल शुक्रवारी संध्याकाळी असते. थंडीत बंद राहते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. नॅशव्हिलहून आय-65 महामार्गाने बोलिंग ग्रीन, तिथून आय-165 ने बीव्हर डॅम आणि मग यूएस-62 ने पूर्वेला. अंतर शंभर मैलांच्या आसपास, न थांबता पावणेदोन तास.

पण थांबायचं आहे, वाटेत मॉर्गनटाउनला. आर्नल्ड शुल्ट्झ इथे पुरलेला आहे. हा काळा गिटारवादक कोळशाच्या खाणीत राबायचा आणि रात्री नाचगाण्यांना वाजवायचा. 1931 मध्ये गेला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. पोरवयात मन्रोला पैसे मिळालेले पहिले कार्यक्रम याच्यासोबतचे, आणि पहाट होईपर्यंत वाजवत बसायची सवयही याचीच. मन्रोच्या सुरावटीत गंधार मधेच कोमल होतो, घसरतो, ती काळ्या लोकांच्या ब्लूज संगीताची चाल शुल्ट्झकडून आली. हे मन्रोने स्वतः आयुष्यभर सांगितलं. दफनभूमीत दहा मिनिटं पुरतात, पण हा थांबा वगळला तर पुढच्या गावातली गोष्ट अर्धीच कळते. ब्लूग्रास म्हणजे गोऱ्या डोंगराळ लोकांचं प्राचीन लोकसंगीत, असा समज घेऊन लोक रोझीनला येतात आणि तोच घेऊन परत जातात. प्राचीन काही नाही. एका माणसाने तिघा-चौघांकडून ऐकलेलं एकत्र शिवलं, आणि ते तिघे-चौघे याच पंचक्रोशीतले.

अजून एक गंमत. केंटकीचा 'ब्लूग्रास' प्रदेश म्हणजे लेक्सिंग्टनभोवतीची घोड्यांची कुरणं. रोझीन त्यात येतच नाही, ते पश्चिमेकडच्या कोळसापट्ट्यात. मन्रोने आपल्या बँडला राज्याच्या टोपणनावावरून 'ब्लू ग्रास बॉइज' म्हटलं आणि ते नाव पुढे सगळ्या संगीतप्रकाराला चिकटलं. गावाचं नावही टोपणनावच आहे: जेनी मॅकहेन्री नावाची कवयित्री 'रोझीन' या नावाने लिहायची, तिच्यावरून.

रोझीन म्हणजे यूएस-62 च्या दोन्ही बाजूंना विखुरलेली घरं, एक जनरल स्टोअर, कोठार, संग्रहालय, आणि मधून गेलेला मालगाड्यांचा रूळ. राहायला हॉटेल नाही, मुक्काम बीव्हर डॅमला, गाडीने दहा-बारा मिनिटं. पेट्रोलही तिथेच भरून या. मोबाइलला रेंज टेकडीगणिक येते-जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

आधी गावाबाहेरच्या जेरुसलेम रिज या टेकडीवरचं मन्रोचं जन्मघर. 2001 मध्ये नीट दुरुस्त केलेलं, लाकडी फळ्यांचं पांढरं घर. गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, अंगणात अक्रोडाच्या जातीची हिरवी फळं पडून काळी पडलेली. घर दाखवणाऱ्या बाई ओसरीवर झाडू मारत होत्या. त्यांनी आत नेलं ते थेट कोपऱ्यातल्या खोलीत आणि म्हणाल्या, "इथून पळायचा तो. रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की सरळ गोठ्यात."

मन्रोचा जन्म 13 सप्टेंबर 1911 चा, आठ भावंडांत शेंडेफळ. एक डोळा आत वळलेला आणि नजर अधू. लोक हसतात म्हणून तो गोठ्यात लपायचा आणि तिथून रस्त्यावरच्या माणसांच्या पावलांचे, घोड्यांचे, गाड्यांचे आवाज ऐकत बसायचा. वडील बक मन्रो यांची सहाशेहून जास्त एकर जमीन होती. शेती, लाकूडतोड, थोडा कोळसा. आई मलिसा फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायची. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आली, वर तंबी: आठातल्या चारच तारा लाव, फार आवाज नको.

आई गेली 1921 मध्ये, वडील 1928 मध्ये. मग पोरगा मामाकडे राहिला. इंग्रजीत सगळे 'अंकल पेन' म्हणतात. कोण काका, कोण मामा, हे त्या शब्दातून कळत नाही. मराठीत सोपं आहे: पेंडल्टन व्हॅन्डिव्हर हा मलिसाचा भाऊ, म्हणजे पेनमामा. खेचराने पाडल्यामुळे अधू झालेला, बारीकसारीक वस्तूंची अदलाबदल करून पोट भरणारा आणि आसपासच्या नाचांना फिडल वाजवणारा. गावावरच्या टेकडीवर त्याची खोपटी होती, आज तिथे तिची प्रतिकृती आहे. स्वयंपाक मामाच करायचा: मक्याची भाकरी, डुकराची चरबी घालून शिजवलेली चवळी आणि वर सॉर्गमची काकवी. हे सॉर्गम म्हणजे ज्वारीच. जात तीच, फक्त धाट गोड. सप्टेंबरअखेरीस ती पिळतात, रस उथळ कढईत उकळतात, हिरवट मळी सारखी काढत राहावी लागते. ती राहिली तर काकवीला गवताचा वास येतो, आणि आच जास्त झाली तर कडवट होते. दहा गॅलन रसाची साधारण एक गॅलन. जनरल स्टोअरमध्ये बरणी मिळाली. आपल्या उसाच्या काकवीपेक्षा किंचित आंबूस, गरम मक्याच्या भाकरीवर फार छान.

दफनभूमी गावातच. मन्रोचा उंच दगडी स्तंभ लांबूनच दिसतो. तो 9 सप्टेंबर 1996 ला गेला, पंचाऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी असताना. स्तंभापाशी लोक मँडोलिनच्या नख्या आणि सुटी नाणी ठेवून जातात. जवळच आई-वडील आणि भाऊ. आई-वडिलांच्या दगडांवर कोरलेली दोन वाक्यं त्याने जशीच्या तशी एका गाण्यात घेतली आहेत. ते गाणं आधी ऐकून आलात तर दगडांसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो. पेनमामा 1932 मध्ये गेला. त्याच्या कबरीवरचा दगड मन्रोने बसवला 1973 मध्ये. तोवर मामावरचं गाणं दोन दशकं देशभर वाजत होतं आणि मामा मात्र धड दगडाविना. कधीही थांबा न घेणाऱ्या फिरत्या बँडवाल्याचं घर असंच मागे राहतं.

संग्रहालय 2018 चं, तासाभराचं काम. त्याच्या हॅट, सूट आणि घरातल्या वस्तू. बंद व्हायच्या वेळेच्या दीड तास आधी पोचा म्हणजे तिथून थेट कोठारात जाता येतं.

कोठारात प्रवेश फुकट, दाराशी देणगीचा डबा. पाच-दहाच्या सुट्या नोटा जवळ ठेवा, कार्ड चालत नाही. दारू नाही. आत छोटा रंगमंच आणि पुढ्यात नाचायला लाकडी फळ्या. तिथे सत्तरीच्या बायका सपाट तळव्याच्या बुटांनी ठेका धरतात. खरी मजा मात्र बाहेर, अंगणात. चार-पाच टोळकी गोल करून उभी असतात. घडीची खुर्ची आणि जाकीट आणा, सूर्य गेला की गारठा पडतो.

या गोलात वाजवायचे नियम कुणी लिहून लावलेले नाहीत, पण मोडले की लोक हळूच पाठ फिरवतात. गाणं सुचवणारा पट्टी सांगतो. बहुतेक पांढरी पाच, पांढरी सहा किंवा पांढरी दोन. मन्रोची गाणी निघाली तर काळी पाच किंवा पांढरी सात, कारण तो तारसप्तकात गायचा आणि गळ्याला ताण पडला पाहिजे हीच त्याची अट. गाणं माहीत नसेल तर बाहेरच्या रिंगणात उभं राहून गिटारवाल्याचा डावा हात पाहायचा. गाणारा गात असताना धून वाजवायची नाही, फक्त चॉप. धून वाजवायची आपली पाळी आली की तो मानेने खुणावतो, नको असेल तर आपण नकाराची मान हलवायची. मिळवणी यंत्रावर करा. कानाने जोराने मिळवत बसणारा माणूस इथे कुणालाच आवडत नाही.

चॉपचा नमुना हवा असेल तर पांढरी पाचचा घ्या. जाड तारेपासून बारीककडे: सातवा पडदा, पाचवा, दुसरा, तिसरा. करंगळी सातव्यावर, अनामिका पाचव्यावर, तर्जनी दुसऱ्यावर, मधलं बोट तिसऱ्यावर. पहिले दोन आठवडे करंगळी सातव्यावर पोचत नाही, मग लोक मनगट आत वळवतात आणि दुखवून घेतात. त्याऐवजी अंगठा मानेमागे थोडा खाली सरकवा. घाव घातल्याबरोबर बोटं उचलायची नाहीत, नुसती सैल सोडायची. तारेला टेकलेली राहिली पाहिजेत, नाहीतर 'चक्'ऐवजी 'झंग' येतो.

एका गोलात दहाएक वर्षांचा मुलगा होता, मँडोलिन इतकी जोरात की फिडल ऐकू येईना. डबल बासवाल्या आजोबांनी गाणं संपल्यावर गंभीर चेहऱ्याने विचारलं, "चार तारा काढून ठेवू का रे तुझ्या?" सगळा गोल हसला. मुलालाही गोष्ट ठाऊक होती, तोही हसला आणि पुढचं गाणं हळू वाजवलं. तेवढ्यात रुळावरून मालगाडी गेली. कुणी थांबलं नाही, फिडलवालीने डोळे मिटले आणि गाडी संपेपर्यंत तीच तीच ओळ फिरवत ठेवली.

परतताना सावकाश. अंधारात हरणं रस्त्यावर येतात, आणि एक दिसलं तर मागे दुसरं असतंच.

शनिवार: ओवेन्सबोरो

रोझीनहून पाऊण तास, ओहायो नदीकाठी. ब्लूग्रास म्युझिक हॉल ऑफ फेमची नवी इमारत 2018 ची. जुन्या वादकांच्या मुलाखतींचे पडदे आहेत, त्यातल्या मन्रोच्या बँडमधून गेलेल्यांच्या आधी ऐका. त्याच्या हाताखालून दीडशेच्या वर वादक गेले. वाजवून पाहायला वाद्यं ठेवलेली एक खोलीही आहे. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. एकदम सगळ्या तारा सैल केल्या की ती सरकते आणि मग वरचे पडदे बेसूर लागतात. तपासायचं तर बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा आणि मग तिथेच नुसता स्पर्श करून वाजवा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर घोडी शेपटाकडे सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. स्वतःची मँडोलिन आणली असेल तर उन्हात उभ्या गाडीत मुळीच ठेवू नका. जुन्या वाद्यांचा सरस उष्णतेने मऊ होतो आणि मान पुढे झुकते.

कोठारातल्या मंडळींनी बजावलं होतं ते अगदी खरं निघालं: अमेरिकेत इतरत्र बार्बेक्यू म्हणजे डुक्कर किंवा गाय, ओवेन्सबोरोत मटण. बोकडाचं नव्हे, जून मेंढीचं. एकोणिसाव्या शतकात इथे लोकरीसाठी मेंढ्या पाळल्या आणि म्हाताऱ्या झालेल्या मेंढ्यांचं करायचं काय, यातून ही रीत आली. हिकरी लाकडाच्या धगीवर रात्रभर, वरून 'डिप' शिंपडत: पाणी, व्हिनेगर, वूस्टरशर सॉस, मीठ, मिरी. मूनलाइट नावाचं जुनं ठिकाण प्रसिद्ध आहे, तिथे बुफे घ्या, म्हणजे बर्गूही चाखता येईल. बर्गू म्हणजे मटण, कोंबडी, मका, बटाटा, कोबी आणि टोमॅटो एकत्र रटरटवलेला दाट रस्सा. आपल्या जिभेला तिखट कमी वाटेल. मटणाचा वास उग्र, पहिला घास डिपशिवाय घेऊ नका.

संध्याकाळी नदीकाठी. विशेष काही नाही, पण मटणानंतर चालणं गरजेचं.

रविवार: यूएस-431 ने परत

परतीला महामार्ग टाळून यूएस-431 धरा. ओवेन्सबोरोहून सेंट्रल सिटी, ड्रेक्सबोरो, रसेलव्हिल, स्प्रिंगफिल्ड आणि थेट नॅशव्हिल. रविवारी दुपारपर्यंत बहुतेक खानावळी बंद, सकाळीच डबा भरून घ्या.

ड्रेक्सबोरोत चार गिटारवादकांच्या नावाचं कारंजं आहे: मर्ल ट्रॅव्हिस, मोझ रेगर, आयक एव्हर्ली, केनेडी जोन्स. अंगठ्याने एकाआड एक खर्जाच्या तारा आणि तर्जनीने धून, ही या खाणपट्ट्याची शैली. मागे मागे शोधत गेलं की जोन्सपाशी आणि त्याच्यापलीकडे शुल्ट्झपाशी पोचतं. शुक्रवारी मॉर्गनटाउनला थांबला नसाल, तर आता चुटपुट लागेल.

टेनेसीची हद्द ओलांडली की शेतातल्या काळ्या कोठारांच्या फटींतून धूर येताना दिसतो. पहिल्यांदा पाहणारा आग लागली म्हणून फोन उचलतो. उचलू नका. आत तंबाखूची पानं टांगलेली असतात आणि खाली लाकडाची फळकुटं आणि भुसा धुमसत ठेवलेला. ज्वाळा होऊ द्यायची नाही, नुसता धूर, कित्येक दिवस. स्प्रिंगफिल्डभोवती हा वास सगळीकडे भरलेला असतो. मन्रो गेला तो याच गावात.

काकवीची बरणी विमानात हातसामानात न्यायची नाही, 100 मिलिलिटरवरचा द्रव म्हणून काढून घेतात. झाकणाला चिकटपट्टी, दोन पिशव्या आणि चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध.